रसवंतीची वही: पहिल्या वर्षाच्या लेखाशास्त्राच्या वर्गातला एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातले महाविद्यालय, पहिल्या वर्षाच्या बी.कॉम.चा मराठी माध्यमाचा वर्ग, २०२५ सालचे पहिले सत्र. मी तिथे लेखाशास्त्र शिकवते. पटावर सत्तरच्या आसपास मुले. निम्मी एसटीने येतात, त्यामुळे पहिला तास अर्धा रिकामा आणि शेवटच्या तासाला सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

वर्गात दोन प्रकारची मुले होती. बारावी वाणिज्य करून आलेल्यांना तिन्ही नियम तोंडपाठ: घेणारा नावे, देणारा जमा, येते ते नावे, जाते ते जमा, खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफा जमा. कला शाखेतून आलेल्यांनी रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंदवही) हा शब्दही ऐकला नव्हता. पहिल्या गटाला वाटायचे की आपल्याला सगळे येते. दुसऱ्याला वाटायचे की आपल्याला हे कधीच येणार नाही.

पुढे ज्या कुटुंबाच्या व्यवसायाचे वर्णन येते, त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. आकडे आणि नाती बदलली आहेत, आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत. परवानगी हा या प्रकरणातला मोठा भाग आहे; त्याबद्दल पुढे सांगते.

अडचण

ऑगस्टमधल्या चाचणीत अंतिम लेख्यांचे (नफातोटा खाते आणि ताळेबंद) एक नेहमीचे उदाहरण दिले होते. त्याखाली मी सहज घसाऱ्याबद्दल, म्हणजे वापराने यंत्राची किंमत घटते त्याबद्दल, एक ओळ वाढवली: ‘यंत्रावरील घसाऱ्याची रक्कम मालकाने कोणाला दिली?’

उत्तरे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ‘यंत्र विकणाऱ्याला.’ ‘बँकेला.’ ‘सरकारला.’ ज्यांचा ताळेबंद पैशापैशाने जुळला होता त्यांनीही हेच लिहिले होते. घसारा नफातोटा खात्याच्या नावे बाजूला घ्यायचा आणि ताळेबंदात यंत्रातून वजा करायचा, एवढे हाताला येत होते. घसाऱ्यापोटी कोणाच्या हातात पैसा पडत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

दोष मुलांचा नव्हता. आपल्या उदाहरणांची रचनाच पाहा. वर तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी), खाली समायोजना (त्यात करायचे फेरफार): ‘यंत्रावर १० टक्के घसारा आकारा’, ‘भाडे ४,००० रुपये देणे आहे’, ‘मालकाने घरखर्चासाठी माल उचलला’. विचार करायचा असतो तो सगळा उदाहरण रचणाऱ्याने आधीच केलेला असतो. किती घसारा, कोणते देणे राहिले, कोणती रक्कम घरची आणि कोणती धंद्याची, हे ठरवणे म्हणजे लेखाशास्त्राचा गाभा. तोच काढून घेऊन आपण मुलांच्या हाती फक्त मांडणी देतो. मी पंधरा वर्षे तेच करत आले होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तीच उदाहरणे वाढवण्याचा. सरावाने वेग येतो हे खरे, पण वेग ही अडचण नव्हतीच.

दुसरा पर्याय सत्यम या संगणक कंपनीच्या घोटाळ्याचा. ७ जानेवारी २००९च्या पत्रात कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. वर्ग या गोष्टीने खिळून राहतो, हे मी अनुभवले आहे. पण पहिल्या वर्षाचा मुलगा त्यात करणार काय? लेखापरीक्षण त्याला माहीत नाही, समूहाचे लेखे माहीत नाहीत. तो गोष्ट ऐकतो आणि ‘हिशेब म्हणजे लबाडी पकडणे’ एवढेच घेऊन घरी जातो. हे प्रकरण तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे असे माझे मत आहे.

तिसरा, व्यवस्थापनाच्या संस्थांत वापरतात तशी तयार प्रकरणे, म्हणजे एखाद्या धंद्यातला पेच लिहून वर्गात चर्चेला देणे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९२०च्या दशकापासून ही पद्धत रुजवली. तिथे विद्यार्थी आदल्या रात्री वीस-पंचवीस पाने वाचून येतो असे गृहीत असते. माझी निम्मी मुले सकाळी दूध घालून किंवा दुकान उघडून येतात. इंग्रजी पाने वाचण्यातच त्यांचा तास संपला असता.

चौथा पर्याय होता एका पानाचे, मराठीतले, आपल्या रस्त्यावरचे प्रकरण. तो निवडला. ते आणायचे कुठून, हा प्रश्न योगायोगाने सुटला. वर्गातली एक मुलगी तासानंतर थांबून म्हणाली, “मॅडम, आमची रसवंती आहे. आई रोज वहीत लिहिते. पण शेवटी नफा झाला का तोटा, ते तिला कळत नाही.” मी विचारले, “ती वही वर्गासाठी वापरू का? नाव बदलून?” ती हो म्हणाली. मी तेवढ्यावर पुढे गेले.

प्रकरण: मावशींची वही

मुलांना दिलेला कागद असा होता.

मावशींनी १ फेब्रुवारीला रसवंती सुरू केली, ३१ मेला बंद केली. स्वतःच्या साठवणीतले ६०,००० घातले, नात्यातून ४०,००० हातउसने बिनव्याजी घेतले. विजेवर चालणारा चरक ७२,००० रुपयांना रोख आणला. तो सहा हंगाम चालेल आणि नंतर १२,००० रुपयांना जाईल असा अंदाज. जागेची अनामत १५,००० दिली. भाडे महिन्याला ४,०००. त्यातले तीन महिन्यांचे दिले. ऊस ३३,००० रुपयांचा रोखीने घेतला. त्याशिवाय घरच्या शेतातला दोन टन ऊस आणला, त्याचे पैसे कोणाला दिले नाहीत. बर्फ, लिंबू, आले, मीठ मिळून २५,०००. मदतनीस मुलाला महिन्याला ८,००० प्रमाणे चार महिने. विजेची बिले ६,००० भरली. मे महिन्याचे १,८०० रुपयांचे बिल जूनमध्ये आले. रोखीची विक्री १,९६,०००. शेजारच्या कार्यालयाकडे ५,५०० उधारी. घरखर्चाला गल्ल्यातून रोज ४५० रुपये. हंगामाचे दिवस १२०.

शेवटी मावशींचे वाक्य: “लाख घालून बसले होते, गल्ल्यात सत्तेचाळीस हजार राहिले. म्हणजे चार महिने उन्हात राबून त्रेपन्न हजार घालवले की काय?”

खाली एकच प्रश्न: मावशींना काय उत्तर द्याल?

रोजकीर्द लिहा, खतावणी करा (म्हणजे नोंदी त्या-त्या खात्यावर उतरवा), अशा सूचना मुद्दाम दिल्या नाहीत. हा पहिला निर्णय, आणि तो बरोबर ठरला असे मला वाटते. ‘नफातोटा खाते तयार करा’ म्हटले असते तर बारावी वाणिज्यवाली मुले खाली मान घालून लिहू लागली असती आणि बाकीची त्यांच्या वह्यांत डोकावली असती.

वर्गात काय झाले

पाच-पाच जणांचे गट केले. बाके जमिनीला ठोकलेली, त्यामुळे पुढच्या बाकावरची मुले मागे वळून बसली. आधी हात वर करायला सांगितले. बहुतेकांचे मत ‘तोटा’.

मग कला शाखेतून आलेला, तोपर्यंत वर्गात कधी न बोललेला एक मुलगा म्हणाला, “पण मशीन आहे ना अजून! ते कुठं गेलंय?” आणि पाठोपाठ मागून कोणी म्हणाले, “अनामतसुद्धा परत मिळणार.”

भांडवली खर्च (बरीच वर्षे टिकणाऱ्या वस्तूवरचा) आणि महसुली खर्च (त्या-त्या काळात संपून जाणारा) यांतला फरक मी दरवर्षी व्याख्या देऊन शिकवायचे. त्या दिवशी तो वर्गाने स्वतः काढला, शब्द मी नंतर दिले. लगेच पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला: “मशीन आहे, पण ७२ हजारांचं राहिलं का?” ७२,००० मधून १२,००० वजा, राहिले ६०,०००, भागिले सहा हंगाम. फळ्यावर १०,००० आले तेव्हा मी चाचणीतला प्रश्न पुन्हा विचारला: “हे दहा हजार मावशींनी कोणाला दिले?” वर्ग हसला. “कोणालाच नाही, मॅडम. मशीन झिजलं.”

घरच्या उसावर मात्र खरी खडाजंगी झाली. अर्ध्या वर्गाचे म्हणणे, “घरचा ऊस, फुकटचा. कशाला धरायचा?” शेतकऱ्यांच्या घरातली मुले उसळली. “फुकट? कारखान्याला घातला असता तर पैसे आले नसते?” एकाने २०२४-२५च्या हंगामाची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान भाव) सांगितली: १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे दोन टनांचे ६,८००. दुसरा म्हणाला, कारखाना तोडणी-वाहतूक कापून देतो, एवढे हातात पडत नाहीत. तिसरीने सांगितले की रसवंतीला निवडक ऊस लागतो, त्याला गावात टनाला साडेचार हजार मिळतात, म्हणून ९,००० धरा. मी शिकवण्याचे थांबवून ऐकत होते. बाजारभाव कसा ठरवायचा हा प्रश्न या मुलांच्या घरात दरवर्षी चर्चिला जातो. तो वर्गात आणायला मला पंधरा वर्षे लागली.

दुसऱ्या तासाला आम्ही ९,००० धरून हिशेब मांडला.

विक्री, रोख आणि उधार मिळून: २,०१,५००
ऊस, विकतचा आणि घरचा: ४२,०००
बर्फ, लिंबू, आले, मीठ: २५,०००
मदतनिसाची मजुरी: ३२,०००
भाडे, मे महिन्याचे देणे धरून: १६,०००
वीज, उशिरा आलेले बिल धरून: ७,८००
चरकाचा घसारा: १०,०००
नफा: ६८,७००

ताळेबंदात एका बाजूला चरक ६२,०००, अनामत १५,०००, उधारी ५,५००, रोख ४७,०००, एकूण १,२९,५००. दुसऱ्या बाजूला हातउसने ४०,०००, देणे भाडे ४,०००, देणे वीज १,८००, आणि मावशींचे भांडवल ८३,७००. जुळला.

इथे एका गटाने हात वर केला. त्यांनी घरचा ऊस धरलाच नव्हता. त्यांचा नफा आला ७७,७००, आणि त्यांचाही ताळेबंद १,२९,५००वरच जुळला होता! वर्ग गोंधळला. नऊ हजारांचा फरक गेला कुठे? त्यांनीच शोधून काढले: आपण घरचा ऊस आधी भांडवल म्हणून जमा केला आणि मग खर्च म्हणून नावे घातला, त्यांनी दोन्हीही केले नाही. म्हणून शेवटचे भांडवल तेच, नफा मात्र वेगळा. ‘ताळेबंद जुळला म्हणजे उत्तर बरोबर’ हा बारावीपासून घट्ट बसलेला समज त्या वीस मिनिटांत सैल झाला. खरे सांगायचे तर हा मुद्दा मी आखलेला नव्हता. कागद तयार करताना तो माझ्याही लक्षात आला नव्हता.

(घर आणि धंदा वेगळे धरायचे हे सुरुवातीपासून तसे होते असेही नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात इटालियन गणितज्ञ लुका पाचोली व्यापाऱ्याला आधी सर्व मालमत्तेची यादी करायला सांगतो, आणि त्यात घरातले कपडे, बिछाने, चांदीची भांडीही येतात. हे सांगितले तेव्हा मुलांना मावशींचा गल्ला एकदम आपलासा वाटला.)

“मग ४५० रुपये रोज म्हणजे खर्चच ना?” यावर फार वेळ गेला नाही. उचल, म्हणजे मालकाने घरासाठी धंद्यातून काढलेले पैसे, हा शब्द मुलांना माहीत होता. ५४,००० कुठून कुठे गेले ते आता दिसले. पण त्यातून एकीने विचारले, “मावशींचा पगार कुठं आहे?” एकट्या मालकाच्या धंद्यात मालकाची मेहनत खर्चात धरत नाहीत, नफ्यातूनच ती पाहायची, हे मी सांगितले. ६८,७०० भागिले चार, महिन्याला १७,१७५. मदतनिसाला ८,०००. मावशी सकाळी सातला ऊस तासायला बसतात आणि रात्री दहाला चरक धुतात. वर्ग थोडा वेळ गप्प होता.

निर्णयाचे वळण: उत्तर द्यायचे की नाही

तास संपताना अपेक्षित प्रश्न आलाच: “मॅडम, परीक्षेत कुठलं उत्तर लिहायचं?”

प्रकरण पद्धतीत शिक्षकाने उत्तर देऊ नये असे म्हणतात. माझाही तसाच बेत होता. ऐन वेळी तो बदलला. फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला लिहिले: जिथे नियम आहे. धंदा मालकापासून वेगळा, म्हणून घरचा ऊस धरायलाच हवा. मे महिन्याचे भाडे आणि वीज या हंगामाचीच, पैसे केव्हाही द्या. दुसऱ्या बाजूला लिहिले: जिथे अंदाज आहे. उसाचा भाव ६,८०० की ९,०००; चरक सहा हंगाम चालेल की चार. भाव ६,८०० धरला तर नफा ७०,९००. चरक चारच हंगाम चालेल असे म्हटले तर घसारा १५,००० आणि नफा ६३,७००. दुसऱ्या बाजूला तुम्ही काय धरले आणि का, ते लिहायचे. पहिल्या बाजूला सवलत नाही.

ही फाळणी केली नसती तर ‘लेखाशास्त्रात काहीही चालते’ असे समजून मुले बाहेर पडली असती. सुरुवातीच्या वर्गात शिक्षकाने एवढे बोललेच पाहिजे, असे मला आता ठामपणे वाटते.

जे चुकले

दुसऱ्याच तासाला, उधारीबद्दल बोलताना, एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “कार्यालयाशेजारची रसवंती म्हणजे हिचीच की!” सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी गावाचे नाव काढले होते, आकडे बदलले होते. पण शेजारचे कार्यालय, घरचा ऊस, आईच चालवते हे सगळे तसेच ठेवले होते. तालुक्याच्या गावात एवढे पुरते.

ती काही बोलली नाही. पुढचे चार दिवस वर्गात आली नाही.

शनिवारी मी तिच्या घरी गेले. आईने पाणी दिले, चहा ठेवला, आणि मग शांतपणे म्हणाली, “मॅडम, नफा-तोटा सांगा हवा तर सगळ्यांना. त्यात काय लपवायचं? पण पैसे कुणाकडनं उसने घेतले, ते चारचौघांत गेलं. ज्यांनी दिले त्यांच्या घरी ते माहीत नव्हतं.”

माझ्या कागदावर ती ओळ ‘देणी’ या शीर्षकाखालची एक रक्कम होती. त्यांच्यासाठी ते दोन घरांमधले नाते होते. आणि मी परवानगी मागितली होती ती अठरा वर्षांच्या मुलीकडे, जी बाईंना नाही म्हणणार नव्हती. वही आईची होती. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या, ताई,” पण त्याने मला हलके वाटले नाही, आणि वाटायला नकोही होते.

निघताना मी हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उचलीच्या आकड्यावर बोट ठेवले. “चोपन्न हजार घरात गेले? मला वाटायचं घर यांच्या पगारावर चालतं.” मग चरकाकडे वळल्या: दरवर्षी दहा हजार बाजूला टाकले नाहीत तर सहा वर्षांनी नवा कशाने घ्यायचा, हे त्यांनी स्वतःच विचारले. घसारा आकारला म्हणजे पैसे साठत नाहीत, ते वेगळे ठेवावे लागतात, हे वर्गात मी सांगायचे राहून गेले होते.

निष्पत्ती

मुलगी सोमवारी आली. तिच्याशी आधी बोलून, तिला चालेल असे विचारून, मी वर्गासमोर माझी चूक सांगितली. नाव घेणाऱ्या मुलाला दोष दिला नाही. सुगावा माझ्या कागदाने दिला होता.

सत्राअखेर घसाऱ्याचा प्रश्न नव्या रूपात विचारला: पिठाच्या गिरणीच्या दगडांबद्दल. ‘बँकेला दिले’ असे फारच थोड्यांनी लिहिले. कला शाखेतली मुले अंतिम लेख्यांत बारावीवाल्यांच्या बरोबरीने आली. दुसरीकडे, रसवंतीला सहा तास गेले आणि शेवटचा घटक घाईत उरकला. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका जुन्याच धाटणीची आहे, तिला वेग लागतो, आणि काही चांगल्या मुलांची खतावणी वेळेत पूर्ण झाली नाही. हे नुकसान खरे आहे. ते मी कोणत्याही मोठ्या उद्दिष्टाच्या नावाखाली झाकणार नाही.

पुन्हा करायचे तर

परवानगी वही ज्याची त्याच्याकडून, लेखी, आणि तयार कागद दाखवून घेईन. विद्यार्थ्याच्या घरचे प्रकरण त्याच्याच वर्गात वापरणार नाही. निदान दोन वर्षे जाऊ देईन. मायलेकींच्या संमतीने रसवंती पुढच्या तुकडीसाठी बदलली आहे: उसने पैसे काढून तिथे बचत गटाचे व्याजी कर्ज घातले, म्हणजे कोणाच्या घरचे नाते उघडे पडत नाही आणि देणे व्याजाची नोंदही आपोआप येते.

सहाऐवजी चार तास. पहिला तास फक्त वादाचा, दुसरा आणि तिसरा मांडणीचा, चौथ्यात तेच आकडे पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाच्या साच्यात घालून वेळ लावून सोडवायचे. परीक्षेची तयारी प्रकरणातूनच झाली पाहिजे. ती वेगळी ठेवण्यात माझी गफलत झाली.

३१ मार्चचा प्रश्न या वेळी मी टाळला. आर्थिक वर्ष हंगामाच्या बरोबर मधोमध संपते, आणि त्या दिवशी चरक सुरू असतो. तो दुसऱ्या सत्रात स्वतंत्र तासाला घेईन. चिपाडांचाही हिशेब राहिलाच; मावशी ती शेजारच्या गोठ्याला देतात, बदल्यात घरी दूध येते, आणि वहीत त्यातले काहीच नाही.

चरक सहा हंगाम चालतो हा आकडा मी घरी बसून घातला होता. यंदा तो कागदावर नसेल. बसस्थानकामागे चरक दुरुस्त करणारे दोन कारागीर आहेत. मुलांनी त्यांना जाऊन विचारायचे आणि मगच घसारा मांडायचा.